सड्यावर बाईक, आणि म्हणे 'आम्ही तळी तयार करतो'

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आठ मुद्दे, प्रत्येकापुढे बाईकचं चित्र, खाली 'सत्य जाणून घ्या, पुढे पाठवा'. साताऱ्या-पाटणकडची पठारं, आंबोलीचे सडे, कोकणातले कातळ इथं बाईक नेऊन ऑफरोडिंग करणाऱ्यांना अडवा, असं म्हणणारे सगळे कॅमेरेवाले शहरी लोक आहेत आणि त्यांना ना गाव माहीत ना निसर्ग, असा त्याचा एकूण सूर. माझ्याकडे तो दहा ठिकाणांहून आला आणि दहाही वेळा मी गप्प बसलो. अकराव्या वेळी तो घरच्या ग्रुपवर भाच्यानं टाकला. त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीनं, त्यावर टाळ्यांचे दोन हात चिकटवले.

हा भाचा सात वर्षांचा असताना मी त्याला भर पावसात सड्यावर पोटावर झोपवून सीतेची आसवं दाखवली होती. "मामा, ही फुलं किडे खातात?" म्हणून तो दिवसभर माझ्या मागं लागला होता. आता त्याच्याकडे बाईक आहे, गट्टेवाले टायर आहेत, आणि हा मेसेज आहे. तेव्हा लिहितो.

पाचव्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीचे एकवेळ समजू शकतो, पण हा वाचून मी चष्मा पुसून परत वाचला. "बाईकच्या चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साठतं. त्यात बेडूक अंडी घालतात. म्हणजे रायडर नकळत जलसंधारण आणि जैवविविधता वाढवतात."

नकळत! आता सडा म्हणजे काय ते आधी बघू. वर जांभ्याचा कातळ, त्यावर कुठं बोटभर माती, कुठं वीतभर, पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. पाऊस पडला की पाणी आत मुरायला जागा नाही, म्हणून ते पातळ पापुद्र्यासारखं कातळावरून सावकाश सरकत राहतं आणि खोलगट जागी थांबतं. सड्याचा सगळा संसार या सावकाश सरकणाऱ्या पाण्यावर उभा आहे. सीतेची आसवं त्या ओल्या पापुद्र्यात उगवतात. मातीत कस नाही, म्हणून मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतात. शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे. डबक्यात वायतुरा, ज्याचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगतो म्हणून ते नाव. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, कारण हा जीव आपल्याच भागातला.

आता या उतारावरून पंधरा बाईक एका ओळीत जाऊ द्या. बोटभर माती गट्ट्यांना पुरत नाही, एका फेरीत खरवडून निघते. तयार होते ती चाकोरी. पाणी आळशी असतं, त्याला आयता पाट मिळाला की ते पसरून सरकायचं सोडून पाटातून धावत सुटतं. वरच्या अंगाची ओल जाते आणि जे डबकं महिनाभर टिकायचं ते उघडीप पडली की आठवड्यात आटतं. म्हणजे तळं बांधलं नाही महाराज, असलेल्या तळ्याला भोक पाडलं.

आणि बेडूक? हो, घालतात अंडी चाकोरीत. मी स्वतः पाहिलीत. बेडकाला काय ठाऊक, त्याला उथळ साचलेलं पाणी दिसतं. आंबोलीचा तो लहानसा टोड, ज्याची शास्त्रात नोंद २००९ साली झाली आणि जो जगात फक्त त्या परिसरातून माहीत आहे, तो कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. अंड्याची बेंडकुळी आणि बेंडकुळीचा बेडूक व्हायला दिवस लागतात. रायडर मात्र दर रविवारी येतात, आणि येतात ते त्याच चाकोरीतून, कारण तिथं 'लाईन' बसलेली असते. गेल्या श्रावणात आमच्या गावावरच्या सड्यावर मी सोमवारी सकाळी गेलो. चाकोरीतलं पाणी चहासारखं गढूळ, वर तेलाची सप्तरंगी साय, कडेच्या चिखलात टायरच्या नक्षीत चिरडलेल्या बेंडकुळ्या. मोजल्या नाहीत. हे जलसंधारण असेल, तर रस्त्यावरचा खड्डाही पाझर तलाव म्हणावा लागेल.

पहिला मुद्दा, "नुसता कातळ आहे, तिथे मरायला आहे काय", याचं उत्तर निम्मं वर आलंच. उरलेलं निम्मं दगडाखाली आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये एका पालीची नवी जात नोंदवली गेली, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. घरातल्या पालीसारखी भिंतीवर चढणारी नव्हे, जमिनीवरची. दिवसा सुट्या दगडाखाली दडून बसते. रायडर मंडळी उडी मारायला रॅम्प करतात तो कशाचा, तर याच सुट्या दगडांचा. पालीचं घर उचलून ढीग घालायचा आणि वर म्हणायचं, इथं काही नाही. "मग आम्ही उन्हाळ्यात येतो" असाही शहाणपणा मेसेजात आहे. उन्हाळ्यात सडा करपलेला दिसतो, पण वायतुऱ्याचे कंद आणि बाकीच्यांचं बी त्याच मूठभर मातीत निजलेलं असतं. निजलेल्यावरून गाडी घातली तर चालते का?

दुसरा मुद्दा जरा कठीण आहे, आणि नाइलाजानं थोडा मान्य करतो. "गुरं रोज तुडवतात, त्यांना कोणी बोलत नाही. अमेरिकेतल्या संशोधनानुसार घोडा बाईकपेक्षा जास्त नुकसान करतो."

गुरांचं म्हणाल तर खरं आहे, पठारावर चराई हवीच. कासच्या फुलांच्या पठाराला कुंपण घालून गुरं बाहेर ठेवली, तर गवत माजलं आणि फुलं दबली. शेवटी कुंपण काढावं लागलं. आमच्या भागातला कुठलाही म्हातारा गुराखी हे फुकटात सांगू शकला असता. पण याचा अर्थ गुरांचा आणि सड्याचा शेकडो वर्षांचा हिशोब जमलेला आहे, एवढाच होतो. म्हैस गवत खाते, शेण टाकते, संध्याकाळी घरी जाते. चढावर क्लच सोडून मागचं चाक जागेवर गरगरा फिरवणारी म्हैस मी अजून पाहिली नाही.

आणि ते अमेरिकेतलं संशोधन. मेसेजवाल्यानं नाव दिलेलं नाही, पण वर्णनावरून १९७८ चा वीव्हर आणि डेल यांचा अभ्यासच त्याच्या कानावर गेला असावा. मोंटानात, डोंगरातल्या गवताळ आणि जंगलातल्या जमिनीवर त्यांनी माणूस, घोडा आणि मोटरसायकल यांच्या ठरावीक फेऱ्या मारून काय काय होतं ते मोजलं. घोड्याचं नुकसान बरंच निघालं, हे खरं. पण पुढची ओळ मेसेजात गळली आहे. घोडा आणि माणूस जास्त त्रास देतात ते उतरताना, आणि मोटरसायकल सर्वात वाईट ठरते ती चढताना. आता ऑफरोडिंगचा व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. त्यात असतं काय? चढ. जितका उभा चढ तितक्या लाईक. म्हणजे ज्या ठिकाणी बाईक सर्वात घातक, नेमका तोच यांचा खेळ. आणि पायी चालणारा माणूस त्या अभ्यासात सर्वात कमी त्रासदायक निघाला, तेही मेसेजात नाही. बिचारे विसरले असतील.

आता चौथा मुद्दा: "पाऊस झाला की सगळं पुन्हा हिरवं होतं". चाकोरीत काय हिरवं होतं ते जवळून बघा. दाबून घट्ट झालेल्या जमिनीत आधी चिवट तण शिरतं. लांबून फोटोत सगळं हिरवंच दिसतं.

तिसरा: "सरकारी जमीन म्हणजे जनतेची जमीन, अडवणारे तुम्ही कोण?" मी कोणी नाही. पण यातला बराच भाग राखीव वन आहे आणि तिथं विनापरवाना घुसणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, तिथं परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. राहिलं गायरान. ते गावाचं आहे, आणि गाव म्हणजे पुण्या-मुंबईहून रविवारी येणारं टोळकं नव्हे. कासला पायी जायचं तर तिकीट काढावं लागतं, दिवसाच्या माणसांवर मर्यादा आहे, आणि लोक ते मुकाट पाळतात. २०१२ साली ते जागतिक वारशात गेलं म्हणून एवढी बडदास्त. शेजारच्या पठाराला पाटी नाही म्हणून त्याची माती स्वस्त झाली का?

सहावा, पवनचक्क्यांचा. "डोंगर फोडून रस्ते केले, चक्क्या उभारल्या, तेव्हा कुठे होता?" इथं मात्र मला गप्प बसावं लागतं. चाळकेवाडी, वनकुसवडे, सगळीकडे पठारं चिरून रस्ते गेले. तेव्हा आम्ही कौतुकानं पाती बघायला जायचो, डबा घेऊन. चूक झाली. पण त्या रस्त्यांमधून जे तुकडे शाबूत राहिले, नेमक्या त्याच तुकड्यांत आता बाईक शिरतायत, कारण चक्कीच्या रस्त्यानं वरपर्यंत पोचणं सोपं झालंय. एकानं घराची भिंत पाडली म्हणून दुसऱ्यानं तिथून आत शिरून भांडी न्यायची, असला हा युक्तिवाद.

सातवा वाचून हसू आलं. "ऑस्ट्रेलियासारख्या पुढारलेल्या देशात जंगलात ट्रेल बाईकला पूर्ण मोकळीक आहे." ऑस्ट्रेलियात यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, ते राहू दे. व्हिक्टोरिया राज्यात सरकारी जंगलात बाईक न्यायची तर गाडीची नोंदणी लागते, चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं आणि गाडी आखलेल्या रस्त्यावरच ठेवावी लागते. रस्ता सोडून झाडीत घातली की दंड. त्यातले कितीतरी कच्चे रस्ते तिकडच्या ओल्या महिन्यांत, साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, फाटक लावून बंद करतात. का, तर ओल्या मातीत चाकोऱ्या पडतात म्हणून. आपल्याकडे नेमक्या त्याच महिन्यांत 'मान्सून राईड'च्या जाहिराती येतात.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर १९७८ पासून यासाठी वेगळा कायदाच आहे. ऑफरोडिंगला ठरवून दिलेल्या जागा आहेत, तिथं जाऊन खुशाल उड्या मारा. बाकी जंगलातल्या काही भागांत वाहनच नेता येत नाही, कारण फायटोफ्थोरा नावाचा एक सूक्ष्म जीव मातीतून पसरतो आणि जारा, बँक्सियासारखी झाडं मुळांपासून मारतो. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो चिखलातून, आणि चिखल जातो टायरला चिकटून. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण द्यायचंच असेल तर पूर्ण द्या. मी उद्या सही करतो त्यावर.

आठवा, रोजगाराचा. या राईडवर म्हणे हजारो कुटुंबांचं पोट चालतं. आमच्या घाटात एक मावशी भजी-चहाची टपरी चालवतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "बाईकवाले थांबतात की, पन्नास जण थांबतात. पाणी मागतात, हवा कुठं भरून मिळंल इचारतात. खाणं त्यांच्या गाडीतनं येतं मागनं." एका टपरीवरून राज्याचा हिशोब होत नाही, मान्य. पण मेसेजातल्या 'हजारो कुटुंबां'पेक्षा माझ्याकडं एक कुटुंब तरी खरं आहे.

आता भाच्याचं. त्याला उड्या मारायची हौस आहे, ती मला कळते. या वयात मीही सायकलनं यवतेश्वरचा घाट ब्रेक न लावता उतरलोय आणि हनुवटीवर अजून खूण आहे. म्हणून त्याला ग्रुपवर नाही, वेगळं लिहिलं. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला बंद पडलेली दगडखाण आहे. खड्डे, ढीग, उभे चढ, सगळं तयार, आणि बिघडवायला काही उरलेलं नाही. पंधरा जणांनी मिळून ग्रामपंचायतीकडे रीतसर अर्ज करा, वर्षाचं काही भाडं ठरवा, चहा-भज्याची सोय त्या मावशींकडे द्या. सरपंचांशी बोलायला मी येतो. आणि सड्यावर यायचं असेल तर गाडी देवळापाशी लाव, वर चालत जाऊ. आसवं आणखी महिनाभर आहेत.

पाठवून दोन दिवस झाले. खुणा निळ्या झाल्यात. ग्रुपवरचा मेसेज अजून तसाच आहे, टाळ्यांचे हातही.