खोकल्याने हार्ट अटॅक थांबत नाही

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. 'एकटे असताना हार्ट अटॅक आला तर बेशुद्ध व्हायला फक्त १० सेकंद असतात. दर दोन सेकंदांनी दीर्घ श्वास घेऊन जोरजोरात खोका. श्वासाने ऑक्सिजन मिळतो, खोकल्याने हृदय दाबलं जाऊन रक्त फिरतं, ठोके पूर्ववत होतात. दहा जणांना पाठवा.' मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ते १० सेकंद. आकडा साधारण बरोबर आहे, पण तो कार्डिॲक अरेस्टचा, म्हणजे हृदय बंद पडण्याचा. त्यात माणूस काही सेकंदांतच कोसळतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण हृदय चालू असतं, माणूस बोलत असतो. आमच्याकडे कितीतरी जण रिक्षातून उतरून चालत येतात. सकाळपासून छाती भरून आली होती, गॅस वाटला म्हणून ओवा खाल्ला, असं सांगतात. त्यांच्या हातात सेकंद नव्हे, तास होते. अटॅकमधून अरेस्ट कधी होईल याचा मात्र भरवसा नाही, म्हणून तर ते तास वाया जाता कामा नयेत.

खोकल्याने रक्त फिरतं, यात तथ्य आहे आणि मेसेज टिकलाय तो त्याच्याच जोरावर. १९७६ साली कॅथलॅबमधली (जिथे नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात, तिथली) निरीक्षणं प्रसिद्ध झाली होती: व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे ठोके न पडता हृदय नुसतं थरथरणं, सुरू होताच खोकायला लावलेले रुग्ण विजेचा शॉक मिळेपर्यंत थोडा वेळ शुद्धीवर राहिले. पण तिथे रुग्ण टेबलावर असतो, मॉनिटरवरची रेष बिघडलेली त्याच क्षणी दिसते, डॉक्टर 'खोका, खोका' म्हणतात आणि तोवर सिस्टर तो शॉक देणारं मशीन, डिफिब्रिलेटर, चार्ज करत असते. जीव वाचतो शॉकने. घरी सोफ्यावर बसलेल्याला हे सांगणार कोण? ठोका बिघडल्याचं कळायच्या आत तो खाली पडलेला असतो, आणि बेशुद्ध माणूस खोकू शकत नाही. त्याला लागतात दुसऱ्याचे हात: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब.

दीर्घ श्वासाचंही तसंच. अटॅकमध्ये बहुतेकांच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, वाट अडलेली असते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्क्यांच्या खाली नसेल तर आम्हीही सरसकट ऑक्सिजन लावत नाही. 'सिस्टर, मास्क का नाही लावला?' म्हणून नातेवाईक चिडतात. त्यांची काळजी कळते, पण त्या घडीला ईसीजी आधी हवा, आल्यापासून १० मिनिटांत.

'खोकून बघायला काय जातं?' असं एका काकूंनी विचारलं. वेळ जातो, काकू. खोकत बसलेला माणूस फोन करत नाही.

एकटे असाल आणि छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असं काही वाटलं तर १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खा. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) मनाने घेऊ नका, बीपी एकदम उतरू शकतं. स्वतः गाडी चालवू नका. आणि टेकून बसण्याआधी दाराची कडी काढून ठेवा, नाहीतर स्ट्रेचर बाहेरच अडकतं.