शंभर डॉलर गाठण्याचा राजमार्ग

ब्लॉग सुरू करण्याआधी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवा. तारीख तेवढी कोरी सोडा. ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचा मोबदला देणारी गूगलची सेवा, ॲडसेन्स, पैसे पाठवते ती खात्यात १०० डॉलर जमल्यावर, आणि ते कधी जमतील हे साध्या त्रैराशिकानं काढता येतं. समजा, हजार वाचनांमागे अर्धा डॉलर मिळाला. म्हणजे हव्यात दोन लाख वाचनं. रोज दोनशे वाचक आले तर हजार दिवस. पावणेतीन वर्षं काही फार नाहीत. तेवढ्यात एखादा उड्डाणपूल अर्धा होतो.

विषय निवडताना आपल्याला काय कळतं, असला बाळबोध विचार नको. पान उघडत असतानाच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. गृहकर्ज, विमा म्हटलं की बोली चढते. श्रावणावरच्या कवितेशेजारी उभं राहायला जाहिरातदार फारसे उत्सुक नसतात. तेव्हा आयुष्यभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या असल्या तरी लिहायचं मुदत विम्यावर. चार संकेतस्थळांवरून मजकूर उचला, वाक्यं उलटसुलट करा. ‘कमी मूल्याचा मजकूर’ असा शेरा मारून ॲडसेन्सकडून अर्ज परत आला, की घाईघाईनं गोपनीयता धोरणाचं पान जोडा. तेही दुसऱ्याचं उतरवा, आणि त्यात मूळ मालकाचा ईमेल तसाच राहील याची काळजी घ्या.

एखादा लेख चुकून चांगला उतरलाच, तर अख्खा व्हॉट्सॲपवर टाका. नुसता दुवा देऊन लोकांना कशाला उठवायचं? लेख गावभर फिरेल, वाटेत तुमचं नाव गळेल, आणि आठवडाभरात आतेबहिणीकडून ‘नक्की वाचा, डोळ्यांत पाणी आलं’ म्हणून तुम्हालाच येईल. ब्लॉगवरचा आकडा जागचा हलणार नाही.

जाहिराती सुरू झाल्या की हात आखडता घेऊ नका. एका पानावर तीनच, हा जुना नियम गूगलनं २०१६ सालीच काढला; मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नसाव्यात एवढंच बंधन उरलं. ते विसरा. उकडीच्या मोदकांची कृती असेल तर पाण्याला उकळी येणं आणि पिठी घालणं यांच्यामध्ये तीन जाहिराती सहज बसतात. त्यांच्यासाठी पानावर उंची मात्र राखून ठेवायची नाही. मग मजकूर आधी दिसतो, जाहिरात मागून येते आणि सगळं पान खाली ढकलते. साहित्याची यादी उघडायला निघालेलं पिठाचं बोट गाडीच्या कर्जावर पडतं. असली क्लिकं गूगल ओळखतं आणि हिशेबातून वजा करतं, पण तोवरचा आनंद तर आपला! जाहिरातींच्या डोक्यावर ‘उपयुक्त माहिती’ असा मथळाही द्या. नियमानं तिथे ‘जाहिराती’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ एवढंच चालतं. अशा पाटीवर कोण बोट ठेवणार?

१० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी सहा अंकी पिन घरी यायला निघतो, तोही साध्या टपालानं. दोन ते चार आठवडे लागतात, आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्ता म्हणून ‘मारुतीच्या देवळामागे, जुना वाडा’ पुरे. वाडा पाडून तिथे सात मजले उभे राहिले असतील, तर पोस्टमनची परीक्षा होईल. पैसे घेणाऱ्याचं नाव म्हणून आपलं टोपणनाव घाला. साहित्यिक ना तुम्ही? बँकेत मात्र आजोबांनी ठेवलेलं नाव असू द्या. दोन्ही जुळली नाहीत की पैसे आल्या वाटेनं परत जातात. खातं शक्यतो पतसंस्थेतलं निवडा. परदेशातून पैसे यायला स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची जगभरातली ओळखखूण, लागतो. तिथे तो मागितलात तर शिपाई चहा आणून देईल.

एवढं करूनही आकडा नव्वदीत पोचला, तर खरं कौशल्य आता. उरलेले डॉलर घरच्या घरी काढायचे. जेवणं झाली की सगळ्यांना एकाच वायफायवर बसवून जाहिरातींवर बोटं मारायला लावा. मामेभावांच्या ग्रुपवर ‘रोज पाच क्लिक, प्लीज’ असा निरोप धाडा. २०२४ पासून ॲडसेन्सचा मोबदला क्लिकवर नसून जाहिरात दिसण्यावर आहे, ही बातमी घरात फुटू देऊ नका; मंडळींचा उत्साह जाईल. क्लिक मागणं आणि आपल्याच जाहिरातींवर क्लिक करणं, दोन्ही मना आहे. एके सकाळी खातं बंद झाल्याचा ईमेल येईल आणि बनावट क्लिकांची रक्कम जाहिरातदारांना परत जाईल. अपील करता येतं. त्यात कारण म्हणून ‘मुलं फोनशी खेळत होती’ असं लिहा. गूगलला हे नवीनच वाटेल.

अपील फेटाळलं तर सौभाग्यवतींच्या नावानं नवं खातं उघडा. पत्ता, वायफाय आणि बँकेचं खातं जुनंच द्या, म्हणजे गूगलला शोधाशोध करावी लागणार नाही.