कुलूप जगजाहीर असलं म्हणून काय बिघडलं?

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं माहितीचं रूपांतर, ही निव्वळ धूळफेक आहे, असं सांगणारा एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पद्धत कुणालाही वाचता येते, किल्ली म्हणजे शेवटी एक आकडा, तो सुपरकॉम्प्युटर शोधणारच. क्वांटम कॉम्प्युटरने तर लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलंसुद्धा, तेव्हा आपली गुप्त पद्धत आपणच बनवा. (मी मुद्दाम ‘किल्ली’ लिहितोय. ‘की’ लिहिलं की कुठली की तेच कळेनासं होतं.)

पद्धत उघड आहे हे खरंच, आणि ती मुद्दाम उघड ठेवलेली असते. ऑगस्ट केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. किल्ली फुटली तर नवी बनवता येते. पद्धतच गुप्त ठेवली आणि ती फुटली, तर सगळा डोलारा नव्याने उभारावा लागतो. आज सर्रास वापरली जाणारी एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत अशाच खुल्या स्पर्धेतून आली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये आवाहन केलं, पंधरा पद्धती स्पर्धेत उतरल्या, जगभरच्या तज्ज्ञांनी त्या फोडायचा प्रयत्न केला. शेवटी डेमन आणि रायमेन या दोघा बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ मध्ये मानक ठरली. घरी बनवलेली गुप्त पद्धत तपासणार कोण? तिचा कर्ताच. आणि आपला तो बाब्या!

किल्ली आकडा असते, हेही मान्य. आकडे एकेक करून पाहत किल्ली सापडल्याचं उदाहरणही आहे: डीईएस या जुन्या पद्धतीची ५६ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ हा एक अंक) किल्ली १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधली. पण बिट एकाने वाढला की शक्यता दुप्पट होतात, आणि इथेच मजकूर लिहिणाऱ्याचा अंदाज चुकलाय. एईएसच्या १२८ बिटांच्या किल्ल्या किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्यं. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या किल्ल्या लावून पाहणारं यंत्र आहे असं धरलं, तरी सगळ्या संपायला दहा लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाच्या वयाच्या सुमारे पावणेआठशे पट.

क्वांटमचा दावा २०२४ मधल्या एका बातमीवरून उचललेला दिसतो. आरएसए ही एन्क्रिप्शनची आणखी एक पद्धत, मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं यावर टिकलेली. शांघायच्या संशोधकांनी क्वांटम यंत्र वापरून तिच्यातल्या एका संख्येचे अवयव पाडले होते, पण ती संख्या होती २२ बिटांची, म्हणजे फार तर ४१,९४,३०३. तेवढ्याचे अवयव साधा फोनही चुटकीसरशी पाडेल. प्रत्यक्षात आरएसएची किल्ली निदान २०४८ बिटांची असते. धोका अगदीच काल्पनिक नाही: पुरेसं मोठं क्वांटम यंत्र आरएसए मोडेल हे पीटर शोर या गणितज्ञाने १९९४ मध्येच दाखवलं, आणि म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या पद्धतींची मानकंही जाहीर झाली. पण ‘मोडेल’ आणि ‘मोडलं’ यांत फरक आहे.

गंमत अशी, की किल्ल्या खरोखर जिथे फुटतात त्याबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ मध्ये कुणीतरी ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला थोडा कोड निरुपयोगी समजून काढला. यादृच्छिकता, म्हणजे किल्लीचा अंदाज बांधू न देणारा बेभरवसेपणा, त्यातूनच येत होती. उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणारा, क्रमांक, ज्याच्या शक्यता जेमतेम ३२ हजार. किल्ली दिसायला २०४८ बिटांची भारदस्त, पण एका प्रकारच्या यंत्रावर निघू शकणाऱ्या सगळ्या किल्ल्या आधीच बनवून यादी करता येत होती. हे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सुपरकॉम्प्युटर लागलाच नाही.

दुसरा प्रकार त्याहून साधा. एका कामात मला मोठ्या अभिमानाने सांगितलं गेलं, की बॅकअप एन्क्रिप्ट केलेला आहे. किल्ली कुठे ठेवलीय, विचारलं. त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव होतं ‘किल्ल्या’.