उष्णता झाली आहे

नव्वदच्या दशकात ज्या घरात टीव्ही गेम होता, त्या घरातल्या आयांना एक विद्या अवगत होती. बाहेरून आल्यावर त्या आधी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायच्या, मग पाणी प्यायच्या आणि मग काहीही न बोलता टीव्हीमागे हात घालून गेमला वीज पुरवणारा एलिमिनेटर चाचपायच्या. तो गरम लागला की खटला संपला. आमची आई तर नुसत्या स्पर्शावरून वेळ सांगायची. कोमट म्हणजे अर्धा तास, चटका बसला म्हणजे शाळेतून आल्यापासून. ताईनं एकदा पुरावा नष्ट करायला एलिमिनेटर माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवला होता. आईनं मग तो सोडून टीव्हीच्या पाठीला हात लावला. पोलीस खात्याची एक हुशार अधिकारी या देशानं स्वयंपाकघरात घालवली, असं माझं आजही मत आहे.

तो टीव्ही गेम या मे महिन्यात माळ्यावरून खाली आला, कारण ताईची दोन्ही मुलं सुट्टीसाठी आमच्याकडे पुण्याला आली आणि त्यांच्या मोबाइलचा डेटा दुपारी बाराच्या आत संपायला लागला. १९८३ साली निंटेंडोनं जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. आमचा डबा म्हणजे त्याची कुणीतरी केलेली बिनबापाची नक्कल. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छातीठोकपणे छापलेलं. आत खरे गेम पंधरा-वीस, बाकी सगळे तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. पण लहानपणी आम्ही ती यादी पुढे पुढे सरकवत कधीतरी शेवटचा गेम येईल म्हणून खरोखर वाट पाहिली आहे.

डबा मिळाला, कॅसेटही मिळाली, मूळ एलिमिनेटर मात्र गायब. त्याऐवजी माळ्यावरून तो सार्वत्रिक एलिमिनेटर निघाला, जो प्रत्येक मराठी घरात असतो आणि जो कुणीही विकत आणलेला नसतो. एका टोकाला तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ, बारा असं सरकवायचं बटण आणि दुसऱ्या टोकाला चार तोंडांची पिन, त्यातलं एकही तोंड कशात नीट न बसणारं. धाकट्या भाच्यानं बटण बारावर नेलं. ‘जास्त व्होल्ट दिले की मारिओ उंच उडी मारेल,’ हा त्यामागचा विचार.

मारिओनं नेहमीएवढीच उडी मारली. पण वीसेक मिनिटांनी पडद्यावर विटांच्या जागी आकडे दिसायला लागले, ढग जमिनीत शिरले, संगीत एकाच सुरावर अडकलं आणि सगळं काळं होऊन पुन्हा ती नव्व्याण्णव लाखांची यादी समोर आली. या यंत्रात गेम साठवून ठेवायची सोय नाही. म्हणजे पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. डब्याच्या उजव्या कोपऱ्याला हात लावला तर तिथे पापड भाजून निघाला असता.

आईनं लांबूनच निदान केलं. “उष्णता झालीये त्याला.”

आमच्या घरात तोंड येण्यापासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळ्याचं मूळ उष्णता हेच असतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवल पुढे वाटलं, कारण निदान बरोबर निघालं. बायकोनं टेबलफॅन आणून डब्यावर सोडला, तर गेम चांगला अर्धा-पाऊण तास टिकला. मोठ्या भाच्यानं फ्रिजमधून बर्फाची पिशवी आणली, तेव्हा मात्र मी उठलो. यंत्रावर पाणी सुटलं असतं तर सब्जा घालायचीही गरज उरली नसती.

वरच्या मजल्यावर वीज मंडळातून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांना बोलवावं लागत नाही, कुठे स्क्रू ड्रायव्हर निघाला की ते आपोआप खाली येतात. त्यांनी आल्या आल्या वटहुकूम काढला. “एलिमिनेटर उघडायचा नाही. त्यात दोनशे तीस आहेत. डबा उघड, त्यात मरण्यासारखं काही नाही.”

डब्याचे स्क्रू गंजलेले होते, ते खोबरेल तेलावर सुटले. आत बघितलं आणि आमचं बालपण किती कमी सामानात उरकलं याचा धक्काच बसला. एवढ्या मोठ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात तळहाताएवढी एक पट्टी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक गोळा. मारिओ, रणगाडे, बदकं कॅसेटमध्ये, पण त्यांना नाचवणारं सगळं त्या गोळ्याखाली. मूळ फॅमिकॉमची मुख्य मेमरीही अवघी २ किलोबाइट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं सुप्रभातचं एक फूल त्यापेक्षा कितीतरी जड असतं.

तापणारा आरोपी कोपऱ्यात उभा होता. तीन पायांचा, पाठीला पत्रा असलेला, नखाएवढा ७८०५, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग. त्या पत्र्याला ॲल्युमिनियमची एक वाकडी पट्टी स्क्रूनं लावलेली, हीच त्याची उष्णता बाहेर टाकणारी हीटसिंक. मधली पांढरी पेस्ट वाळून भुगा झालेली. त्याच्या पायांभोवती बोर्डाचा रंग बदलून तपकिरी झाला होता आणि भिंगातून पाहिलं तर मधल्या पायाच्या सोल्डरला गोल चीर गेलेली दिसत होती. वर्षानुवर्षं तापायचं, फुगायचं, गार व्हायचं, आकसायचं, त्यात ती पडते. काकांनी चष्मा वर केला. “ड्राय सोल्डर.”

या ७८०५ चं काम ऐकलंत तर तुम्हालाही त्याची दया येईल. यंत्राला लागतात पाच व्होल्ट. बाहेरून नऊ आले तर हा वरचे चार स्वतः गिळतो, पंधरा आले तर दहा गिळतो आणि पुढे शहाण्यासारखे पाचच पाठवतो. गिळलेल्याचं दुसरं काही करता येत नाही, त्याची उष्णता होते. लग्नात उरलेली जिलबी वाया जाऊ नये म्हणून पंगत उठल्यावर एकटे बसून संपवणारे आमचे एक लांबचे मामा होते, त्यांनाही नंतर असाच दरदरून घाम फुटायचा.

काकांनी मीटर लावला आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. जुन्या पद्धतीचे एलिमिनेटर बारा लिहितात पण बारा देत नाहीत. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढंच असतं, भार कमी असला की व्होल्टेज वर चढतं. आमचा पंधरा देत होता. यंत्र ओढत होतं ०.३ अँपिअर. म्हणजे मारिओच्या वाट्याला दीड वॉट आणि कोपरा तापवायला तीन वॉट. एवढ्या उष्णतेला ती वाकडी पट्टी कुठे पुरणार? सुदैवानं ७८०५ च्या पोटातच एक शहाणपण असतं. आतलं तापमान दीडशे अंशांच्या आसपास गेलं की तो मान टाकतो आणि गार झाला की पुन्हा उठतो. मान टाकली की नव्व्याण्णव लाखांची यादी.

“म्हणजे दोन तृतीयांश वीज नुसती तापण्यात जाते?” बायकोनं विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार. बुधवार पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढं पेट्रोल गेलं तेवढ्यात ७८०५ ची पिशवीभर रास आली असती. काउंटरवरचा माणूस एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलत होता.

“७८०५ आहे का?”

“किती? शंभर?”

“एक.”

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी घाबरून दोन सांगितले. वर हीटसिंक, पेस्टची छोटी डबी आणि सोल्डरची तार. सगळं मिळून हॉटेलातल्या दोन कटिंग आणि एका बटाटावड्याच्या आसपास. हीटसिंक निवडताना त्यानं विचारलं, “कशाला पाहिजे?” टीव्ही गेम म्हटल्याबरोबर मात्र त्याचा चेहरा बदलला. “ती कॅसेट आहे का अजून? फुंकर मारून घालायची ती?” मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं थांबली आणि तो रणगाड्यांच्या खेळात शेवटपर्यंत जाता येतं की नाही यावर वाद घालू लागला.

नऊ व्होल्टचा नवा ॲडॅप्टर मात्र त्या गल्लीत मिळेना. म्हणजे नऊचे ढीगभर होते, पण सगळ्यांच्या पिनेत आतल्या बाजूला अधिक आणि बाहेरच्या बाजूला उणे. आमच्या डब्यावर सॉकेटशेजारी छापलेलं चित्र बरोबर उलटं, फॅमिकॉमचंच वळण. शेवटी त्यानंच सांगितलं, “गिटारवाल्यांकडे जा.” गिटारच्या इफेक्ट पेडलना आत उणे असलेले नऊ व्होल्टच लागतात. मग मी वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या केस वाढवलेल्या मुलानं विचारलं, “सर, कुठला पेडल वाजवता?” मारिओ म्हणायचा धीर झाला नाही. “घरच्या घरीच,” एवढं म्हणून पैसे दिले.

जुना ७८०५ काढायला जीव गेला, नवा बसवायला पाच मिनिटं. पंपानं सोल्डर ओढूनही मधला पाय सुटेना, कारण तो बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेला असतो आणि सगळी आच ते तांबंच पळवतं. शेवटी काकांनी पाय कापून एकेक ओढायला लावला. राळेचा वास घरभर पसरला. आई म्हणाली, “धूप घातलात ते बरं केलंत, डास होतेच.” पाठीला पेस्टचं बोट, मग मोठी दात्यांची हीटसिंक. ती झाकणात बसेना, म्हणून काकांनी तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं प्लॅस्टिकला खिडकी पाडली. डबा आता दिसायला वाईट दिसतो, पण नऊ व्होल्टवर कोपऱ्यात जेमतेम सव्वा वॉट जिरतो. हात ठेवला तर कोमट लागतं.

गेम बंद पडेनासा झाला आणि घरात खरी भांडणं सुरू झाली. आधी यंत्र तापून मान टाकायचं, तेव्हा आपोआप पाळी बदलायची. आता ज्याच्या हातात रिमोट (त्याला जॉयस्टिक म्हणतात हे मान्य, पण आमच्याकडे तो रिमोटच) तो मरेपर्यंत सोडत नाही आणि मोठा भाचा मरत नाही. बदकांचं पिस्तूल धाकट्याला देऊन पाहिलं. ते नव्या टीव्हीवर लागू पडत नाही, जुन्या काचेच्या नळीवर चित्र जसं उमटायचं त्याच्यावर त्याची सारी मदार. त्यानं दहा मिनिटं बदकांवर गोळ्या झाडल्या आणि मग भावावर. आई मध्यस्थीला गेली आणि गाड्यांच्या शर्यतीत अशी रमली, की त्या रात्री कुकर लागायला साडेनऊ झाले.

साडेनऊलाच सगळी गल्ली अंधारात गेली. मोठा भाचा तेव्हा अशा लेव्हलवर होता जी आमच्या पिढीनं पाहिलेलीच नाही. त्याचा आवाज डीपीच्या आवाजाच्या आधी ऐकू आला की नंतर, यावर मतभेद आहेत.

सगळे खाली जमलो. गल्लीच्या तोंडाशी डीपीजवळ काका बनियनवर उभे होते आणि ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही समजावत होते, की ट्रान्सफॉर्मरच्या आत तेल असतं, ते गरम होऊन बाहेरच्या पंखांसारख्या नळ्यांतून फिरतं, पण रात्रीही हवाच गार नसेल तर ते बिचारं कुठे गार होणार. दर उन्हाळ्यात अशा ट्रान्सफॉर्मरसमोर कूलर लावल्याचे फोटो पेपरात येतात. धाकटा भाचा आमचा टेबलफॅन आणू का म्हणून विचारत होता. त्याला कुणीतरी तो लावायचा कशावर ते विचारलं.

वायरमन आला. त्यानं बॅटरी मारून वर पाहिलं, आतला फ्यूज पाहिला, बिल्डिंगींच्या भिंतींवर लटकणारी एसीची खोकी एकेक करून मोजली.

“वायर बांधून देतो,” तो म्हणाला, “पण लोड जास्त झालाय. एक-दोन जणांनी एसी बंद ठेवा, नाहीतर तासाभरात पुन्हा जाईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. लाइट आली आणि सगळ्यांच्या खिडक्या एकदम लागल्या.