अडीच मायक्रोसेकंदांचा जाच

यूएसबी आयसोलेटर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यातला विजेचा थेट संबंध तोडून फक्त डेटा पलीकडे जाऊ देणारे मॉड्यूल. ते विकणाऱ्यांना आणि डोळे झाकून पॅनेलमध्ये बसवणाऱ्यांना आता कडक शब्दांत सांगावे लागेल की, त्याच्यावर मिरवलेले २५०० किंवा ५००० व्होल्ट नॉईजविषयी, म्हणजे तारांत घुसणाऱ्या विजेच्या गडबडीविषयी, काहीही सांगत नाहीत. तेवढा दाब साधारणपणे एक मिनिट दिला तरी मधले इन्सुलेशन फुटणार नाही, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ आहे. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये पाच हजार व्होल्ट कुणाच्या अंगावर येत नाहीत. तिथे छळतात ते व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) स्विचिंगचे आणि स्नबर (झटका शोषणारा जोड) न लावलेल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या, कॉइलचे झटके.

मोटर सुरू झाली की यंत्राच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटा लॉगरचा कॉम पोर्ट (संगणकातली त्याची जोडणी) गायब होतो, सॉफ्टवेअर गोठते, अख्ख्या पाळीची नोंद अर्धवट राहते आणि फोन मला येतो. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: ड्रायव्हर पुन्हा टाका, केबल बदला, अर्थिंग तपासा. अर्थिंग तपासावेच, पण ड्रायव्हरचा या प्रकाराशी काय संबंध?

डेटाचे एखादे पॅकेट बिघडले तर यूएसबी ते सीआरसीने (सोबत पाठवलेल्या पडताळणीच्या आकड्याने) ओळखते आणि, लॉगर वापरतो त्या बल्क प्रकारात, पुन्हा पाठवते; वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. परंतु डी प्लस आणि डी मायनस या डेटाच्या दोन्ही तारा सुमारे अडीच मायक्रोसेकंद एकदम खाली गेल्या, तर उपकरण काढून घेतले असे संगणक समजतो, किंवा आपल्याला रीसेट मिळाला असे उपकरण समजते. आयसोलेटरच्या पलीकडचा पुरवठा क्षणभर दबला तरी हीच अवस्था येते. मग ओळखपरेड पहिल्यापासून, आणि पोर्ट उघडून बसलेला प्रोग्रॅम मात्र तसाच लटकलेला.

यात आयसोलेटरमधल्या मुख्य चिपला दोष देता येत नाही. एडीयूएम ४१६० सारखी चिप प्रति मायक्रोसेकंद २५ किलोव्होल्टपर्यंतचा कॉमन-मोड झटका (सगळ्या तारांवर एकदम येणारा) सोसते आणि तिच्या दोन बाजूंमधली कॅपॅसिटन्स, म्हणजे झटक्याला पलीकडे जाऊ देणारी फट, जेमतेम दोन-तीन पिकोफॅरड असते. संताप येतो तो पलीकडच्या बाजूला वीज पुरवण्यासाठी तिच्या शेजारी बसवलेल्या स्वस्त डीसी-डीसी कन्व्हर्टरचा, कारण त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये समजा ५० पिकोफॅरड असतील आणि बॅरिअरवर (दोन बाजूंमधल्या इन्सुलेशनच्या भिंतीवर) प्रति मायक्रोसेकंद एक किलोव्होल्टचा झटका आला, तर ५० मिलिअँपियर त्या चोरवाटेने पलीकडे जातात आणि परतीचा रस्ता शोधत डेटाच्या तारांपर्यंत पोचतात. पुढच्या दाराला पोलादी कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी, असा हा कारभार आहे. वर त्या कन्व्हर्टरचे स्वतःचे आयसोलेशन कित्येकदा एक हजार व्होल्टचेच असते, म्हणजे छापलेला पाच हजारांचा आकडाही खोटाच ठरतो.

उपाय महाग नाहीत, म्हणून तर चीड अधिक येते. आयसोलेटरच्या दोन बाजूंच्या ग्राउंडच्या मध्ये एक ते चार नॅनोफॅरडचा सुरक्षा-प्रमाणित वाय कॅपॅसिटर लावला, तर झटक्याला जवळची परतवाट मिळते आणि तो सिग्नलच्या वाटेला जात नाही. (मिरजेच्या रुग्णालयांतल्या यंत्रांवर मात्र हा प्रयोग कुणी करू नये, रुग्णाच्या हृदयाशी थेट जोडलेल्या भागासाठी सामान्य स्थितीतील विजेच्या गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपियर आहे आणि एवढा कॅपॅसिटर ती सहज ओलांडू शकतो.) त्याखेरीज पुरवठ्यावर आणि डेटाच्या जोडीवर कॉमन-मोड चोक (असे झटके अडवणारी कॉइल), चिपच्या पायांलगत तिचा पुरवठा स्थिर ठेवणारे डीकपलिंग कॅपॅसिटर, आणि कनेक्टरचे धातूचे कवच सर्किटच्या ग्राउंडला न जोडता थेट पॅनेलच्या पत्र्याला जोडणे, एवढे केले तरी बहुतेक रडगाणी थांबतात. त्याऐवजी आमचे महाभाग सर्किट बोर्डावर बॅरिअरखालून तांब्याचा पट्टा आरपार नेतात, किंवा मोटरच्या केबलला खेटून यूएसबीची पाच मीटरची तार ओढतात आणि वर "आयसोलेटर लावलाय की!" असे छातीठोकपणे सांगतात. अंतर लांब असेल तर आरएस-४८५ (लांब पल्ल्याची डेटा जोडणी) न्यावे आणि यूएसबी संगणकाजवळच आखूड ठेवावी, हे साधे व्यवहारज्ञानही कुणाला नको आहे.

मॉड्यूल घेताना मी आता डीसी-डीसीची कॅपॅसिटन्स आणि आयईसी ६१०००-४-४ या मानकाच्या बर्स्ट चाचणीचा (लागोपाठ झटक्यांच्या चाचणीचा) निकाल मागतो. समोरचा गृहस्थ पुन्हा त्याच पाच हजार व्होल्टांकडे बोट दाखवतो आणि, "साहेब, सांगलीत हे आजवर कुणी विचारले नाही," असे वर मलाच ऐकवतो.