गोळ्या बंद करून गेम खेळवा म्हणे!

“मुलाला गोळ्या देऊ नका! रोज अर्धा तास कॉम्प्युटरवर मेंदूचा व्यायाम, 25 दिवसांत एडीएचडी मुळापासून बरा, गणितात मार्क वाढणार. स्वीडनच्या शास्त्रज्ञांचा शोध.” सांगलीत पालकांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज ताईने वाचला आणि मिरजेच्या डॉक्टरांना न विचारता भाच्याची एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी बंद केली. आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी स्वीडन. तिथल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी 2005 मध्ये 53 मुलांवर असा प्रयोग केला, हे खरं. पण लक्षणं कमी झाल्याचं आईवडिलांनी सांगितलं. शिक्षकांच्या नोंदींत तसा ठोस फरक आढळला नाही. आणि ती मुलं एडीएचडीची उत्तेजक औषधं घेणारी नव्हतीच! मग त्या प्रयोगावरून चालू गोळी बंद करायचा सल्ला कुठून काढला?

सगळ्यात संताप याच मुद्द्याचा येतो. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या उत्तेजक औषधाचा असर काही तासांचा असतो. गोळी थांबली की लक्षणं परत दिसू लागतात. काही मुलांना क्लोनिडीन नावाचं दुसरं औषध दिलेलं असतं. ते एकदम तोडलं तर रक्तदाब उसळी मारू शकतो. गोळी कमी करायची की बंद, आणि कशी, हे डॉक्टरांनी मुलाला तपासून ठरवायचं. मेसेज पुढे ढकलणाऱ्याला मूल कुठली गोळी घेतं हेसुद्धा ठाऊक नसतं.

आता तो ‘व्यायाम’. स्क्रीनवर चौकोन एकामागून एक उजळतात, मुलाने त्याच क्रमाने क्लिक करायचं. जमलं की चौकोन वाढतात. अमेरिकेत अनिल चाको आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेली 7 ते 11 वर्षांची 85 मुलं घेऊन याची नीट परीक्षा केली; निष्कर्ष 2014 मध्ये छापून आले. निम्म्या मुलांचा गेम अवघड होत गेला, बाकीच्यांचा मुद्दाम सोपाच ठेवला. म्हणजे स्क्रीनसमोर सगळेच बसले, कौतुक सगळ्यांचंच झालं. पहिल्या गटाची आकडे-चौकोन लक्षात ठेवायची क्षमता वाढली, एवढं कबूल करावंच लागेल. पण लक्षणांत, चुळबुळीत, अभ्यासात दुसऱ्या गटापेक्षा काहीही जास्त सुधारणा नाही. घरच्यांनाही दिसली नाही, शिक्षकांनाही नाही. मूल त्या गेममध्ये तरबेज होतं, वर्गात नाही.

मार्कांचं तर सोडाच. ऑस्ट्रेलियात वर्किंग मेमरी (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरायची क्षमता) कमी असलेल्या पहिलीतल्या 452 मुलांवर अशाच ट्रेनिंगची चाचणी झाली. दोन वर्षांनीही गणित-वाचनात फायदा दिसला नाही.

तरीही कुणाला क्लास लावायचाच असेल तर गोळी चालू ठेवून लावा. आणि फी भरण्याआधी तिथे एकच विचारा: कोणत्या मुलाला ट्रेनिंग दिलंय हे माहीत नसलेल्या शिक्षकांनी वर्गात फरक नोंदवलाय का? असेल तर कागद दाखवा म्हणावं. पालकांचे व्हिडिओ नकोत.