इथे मॅकरोनी भाजीत धरतात

अटलांटात राहणाऱ्या मराठी माणसाकडे उन्हाळ्यात सासू-सासरे आले की पहिला आठवडा कसा जाणार ते ठरलेलंच असतं. मत्स्यालय, कोकाकोलाचं म्युझियम, स्टोन माउंटन, मार्टिन लूथर किंगांचं जन्मघर, लिलबर्नचं स्वामीनारायण मंदिर, आणि मग डिकेटरच्या पटेल प्लाझात जाऊन "अगं बाई, इथे तर सगळंच मिळतं की" असं म्हणून झालं की अटलांटा संपली. मग सासरे सोफ्यावर मांडी घालून म्हणतात, "जावईबापू, पिझ्झा-बर्गर आम्ही सांगलीत पण खातो. इथली माणसं रोज काय जेवतात ते दाखवा की एकदा."

एरवी ते मला नावाने हाक मारतात. जावईबापू म्हणाले की समजायचं, मागणी मोठी आहे.

आता घोळ असा की इथली माणसं काय जेवतात ते मला चांगलं माहितीय, कारण ऑफिसातल्या लोकांबरोबर दुपारी मी तेच जेवतो आणि मला ते मनापासून आवडतं. त्या जेवणाला म्हणतात मीट अँड थ्री. एक मटण-चिकन-मासा काय हवं ते, आणि सोबत तीन भाज्या, वर कॉर्नब्रेड नाहीतर बिस्किट (आपलं पार्ले नव्हे, मऊ पावासारखं असतं ते), आणि बादलीभर स्वीट टी. नॅशव्हिलकडचे लोक हा प्रकार आपलाच म्हणून सांगतात पण जॉर्जियात पण गावोगावी अशी हॉटेलं आहेत. आमच्या जवळ टकरला मॅथ्यूज कॅफेटेरिया १९५५ पासून आहे, शहरात मेरी मॅक्स टी रूम आहे ती १९४५ ची, म्हणजे युद्ध संपलं त्या वर्षीची. त्या काळी बाईमाणसाने हॉटेल काढलं की त्याला टी रूम म्हणायचे, जरा सभ्य वाटायचं, म्हणून आजही नाव चहाचं आणि आत लोक फ्राइड चिकन हाणतायत.

मीट नको असेल तर? तर व्हेजिटेबल प्लेट! चार भाज्या घ्यायच्या आणि मीट सोडायचं. ऐकायला किती छान. सासूबाई एकदम खूश, "मग प्रश्नच मिटला." प्रश्न तिथेच सुरू होतो, कारण या भागात मांस ताटातून वगळता येतं, भाजीतून नाही.

फरसबी घ्या. तासन् तास शिजवतात, इतकी की फरसबीला आपण फरसबी होतो हे आठवत नसेल, आणि त्यात हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा. कोलार्ड म्हणून पालेभाजी असते, आपल्या नवलकोलच्या पानांच्या नात्यातली, तिच्यात तोच तुकडा. पिंटो बीन्स, कोबी, चवळी, सगळ्यांच्या पातेल्यात तो फिरून येतो. नाही तर फॅटबॅक, म्हणजे डुकराच्या पाठीची चरबी. याचं कारण श्रीमंती नाही बरं का, उलट गरिबी आहे. चांगलं मांस मालकाच्या ताटात जायचं, उरलेल्या हाडकाच्या एका तुकड्यात पातेलंभर पाला चवदार करायचा, हे गुलामगिरीतल्या काळ्या बायकांनी करून ठेवलेलं शहाणपण आहे. भेंडी आणि चवळी पण आफ्रिकेतून त्याच लोकांबरोबर इथे आली. आणि १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होईपर्यंत दक्षिणेतल्या कितीतरी हॉटेलांत हा स्वयंपाक करणाऱ्यांना पुढच्या दालनात बसून तो खायची सोय नव्हती. हे सगळं मी गाडीत सासऱ्यांना सांगितलं, ते गंभीर झाले, खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "पण मग आपण खायचं काय?"

त्यात आमचा मुहूर्त बघा. चातुर्मास चालू होता. सासूबाईंना कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. अंडं केकमधलं चालतं, समोर दिसलेलं चालत नाही.

हॉटेलचं नाव सांगत नाही कारण मला परत जायचंय तिथे. वेट्रेस साधारण सासूबाईंच्याच वयाची, पांढरे केस, कानाला पेन्सिल. आली आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हाउ यू डुइंग टुडे, स्वीटहार्ट?" सासरे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेत, त्यांना आयुष्यात कोणी स्वीटहार्ट म्हटलेलं नाही, घरात तर नाहीच नाही. ते लाजून "फाइन फाइन" म्हणाले. सासूबाईंनी मला विचारलं, "ही ओळखते का यांना?" मी म्हणालो आई, इथे सगळ्यांनाच म्हणतात. लगेच ती सासूबाईंना हनी म्हणाली, तेव्हा कुठे मिटलं.

मग मी माझं काम सुरू केलं. फरसबीत मांस आहे का?

"नो सर, नो मीट." मग जरा थांबून, "जस्ट अ लिटल हॅम."

हॅम मांसात मोडतं हे मी समजावलं. तिला पटलं नाही पण गिऱ्हाइकाचा मान म्हणून तिने मान डोलावली. मग कोलार्डमध्ये? त्यात हॅम नाही म्हणाली. मी आनंदाने भाषांतर करणार तेवढ्यात, "वी यूझ टर्की इन दॅट." हे तिने इतक्या प्रेमाने सांगितलं की जणू आमच्यासाठीच मुद्दाम पथ्याचं केलंय. कोबीत? बेकन, पण काढून टाकता येईल. चवळीत? किचनमध्ये जाऊन विचारून आली: "ओन्ली फॉर सीझनिंग." आपल्याकडे फोडणीला हिंग असतो की नाही असं कोणी विचारत नाही, तसं इथे भाजीत डुक्कर आहे का हे विचारायचा प्रश्नच नसतो, आणि मी प्रत्येक पातेल्याची चौकशी लावलेली.

सासूबाई प्रत्येक उत्तरानंतर "काय म्हणाली?" विचारत होत्या आणि मी प्रत्येक वेळी "नाही चालणार" एवढंच सांगत होतो. त्यांना वाटायला लागलं मीच काहीतरी लपवतोय. "अहो ती एवढं बोलली आणि तुम्ही दोन शब्द सांगता."

शेवटी वेट्रेसने मेनूच्या भाज्यांच्या यादीवर बोट ठेवलं. मॅकरोनी अँड चीज. तिथे ती साइड नाही, पास्ता नाही, ती भाजी आहे. यादीत भेंडी आणि भोपळ्याच्या मधोमध बसलेली असते बिनधास्त. सासऱ्यांनी चष्मा लावून यादी वाचली. "मॅकरोनी भाजीत धरलीय?" हो बाबा. "कोणी धरली?" सगळ्यांनीच. "आणि हे काय, जेलो सॅलड?" ते हिरवं-लाल थरथरणारं गोड प्रकरण असतं, त्यात अननस वगैरे. तेही भाज्यांतच. जिलेटिन असतं म्हणून तेही बाद. म्हणजे बघा, ज्या भाज्या दिसायला भाज्या होत्या त्या सगळ्या मांसाहारी, आणि जी दिसायला भाजी नव्हती ती एकटी शुद्ध शाकाहारी निघाली.

भेंडीवर मात्र आशा होती. फ्राइड ओक्रा म्हणजे भेंडीचे काप, ताकात बुडवून मक्याच्या पिठात घोळून तळलेले, त्यात कोणीही पाय घातलेला नसतो. ही भेंडी मला इतकी आवडते की काय सांगू. पण सासऱ्यांनी व्हॉट्सॲपवर कुठेतरी वाचलं होतं, त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत थेट विचारलं, "मॅडम, चिकन अँड भेंडी, सेम ऑइल?" ती म्हणाली, "नो हनी, चिकन्स गॉट इट्स ओन फ्रायर." एवढ्यात मी विचारायला नको ते विचारलं, पिठात काय काय असतं. मीठ, मिरी, गार्लिक पावडर.

लसूण! चातुर्मास!

इथे सासऱ्यांनी जो युक्तिवाद केला तो मी लिहून ठेवायला हवा होता. ते म्हणाले, लसूण जमिनीत उगवतो, पावडर फॅक्टरीत होते, शास्त्रात पावडरीचा उल्लेख नाही, शिवाय समुद्र ओलांडला की नियम कोणते लागू होतात याबद्दल मुळातच मतभेद आहेत. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही खा." ते खाऊ लागलेच होते.

सासूबाईंच्या ताटात शेवटी आलं ते असं: मॅकरोनी, क्रीम्ड कॉर्न, रताळ्याचा गोड प्रकार (वरचा मार्शमॅलो मी चमच्याने काढला, त्यात पण जिलेटिन), आणि परत मॅकरोनी. चार भाज्या. सगळं पिवळं. गृहलक्ष्मीच्या मुखपृष्ठावर शोभलं असतं.

चहाचं तर विचारूच नका. इथे टी म्हटलं की बर्फ घातलेला, साखरेने दाट झालेला थंड चहा येतो, आणि ग्लास अर्धा झाला की न विचारता परत भरतात. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले सरबत आहे. मग गरम चहा मागितला. बऱ्याच वेळाने कपभर गरम पाणी, बशीत एक पिशवी आणि लिंबाची फोड आली. दूध मागितलं तर "इन द टी?" असं दोनदा कन्फर्म केलं. मला वाटतं आम्ही निघाल्यावर किचनमध्ये आमच्यावर चर्चा झाली असेल, आणि ती फरसबीवर नसेल, या दुधावरच असेल.

मधेच एक बरी गोष्ट घडली. कॉर्नब्रेड आलं. सासूबाईंच्या वतीने मी चौकशी केली, त्यात लोणी होतं, चरबी नव्हती, अंडं होतं पण न दिसणारं. सासूबाईंनी तुकडा मोडला, बघितला, म्हणाल्या, "मक्याचं आहे. कोरडं लागतंय. ताक आहे का विचारा." मला वाटलं आता वेट्रेस खुर्चीत बसेल. पण बटरमिल्क म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, ती पळत जाऊन दाट ताकाचा ग्लास घेऊन आली. सासूबाईंनी कॉर्नब्रेड वाटीत कुस्करलं, वर ताक ओतलं, मीठ घातलं आणि जेवायला लागल्या. वेट्रेस कमरेवर हात ठेवून बघत उभी. म्हणाली तिचे वडील रोज रात्री हेच खायचे, उंच ग्लासात, लांब चमच्याने, हल्लीची पोरं नाक मुरडतात. सासूबाई मला म्हणाल्या, "तिला सांगा हिरवी मिरची आणि कोथिंबीर लागते याला." मी सांगितलं. ती म्हणाली, "हम्म." हा "हम्म" सासूबाईंना अजिबात आवडला नाही.

तेव्हा मला १९३१ ची भानगड आठवली. पालेभाजी उकडून खाली जो रस उरतो त्याला इकडे पॉटलिकर म्हणतात, मेरी मॅक्समध्ये पहिल्यांदा गेलात तर वाटीभर फुकट देत आलेत. तर १९३१ मध्ये लुइझियानाचा गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या पेपरचा संपादक यांच्यात जाहीर भांडण जुंपलं, की पॉटलिकरमध्ये मक्याची भाकर बुडवून खायची की कुस्करून. लाँगसाहेब बुडवणारे, पेपरवाले कुस्करणारे. देशात मंदी, बँका बुडतायत, आणि वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे हेच. न्यूयॉर्कचे गव्हर्नर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, त्यांनी पण कुस्करण्याच्या बाजूने मत दिलं. हे ऐकून सासरे म्हणाले, "यात भांडण्यासारखं काय आहे? भाकरी कुस्करूनच खायची असते." ते सांगलीचे, त्यांना बुडवणाऱ्यांची बाजूच माहिती नाही.

बिल आलं. सासऱ्यांनी डॉलरचे रुपये केले, ते ते करतातच, आणि मॅकरोनीच्या दोन वाट्यांना सांगलीत किती थाळ्या येतात ते सांगितलं. टिप वीस टक्के म्हटल्यावर परत गणित केलं. मग स्वतःच्या खिशातून पाच डॉलर काढून वेगळे ठेवले. "ती स्वीटहार्ट म्हणाली त्याचे," असं ते बोलले नाहीत पण सासूबाईंनी तसं म्हटलं.

येताना हायवेला एक म्हातारा पत्र्याच्या पिंपात शेंगा उकडून विकत होता. उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात, सालासकट. जॉर्जियात देशातल्या सगळ्यात जास्त शेंगा पिकतात, आणि रस्त्यावर अशाच विकतात. आम्ही कॅजन, म्हणजे तिखट मसाल्यातल्या, नको म्हणालो (त्यात लसूण), साध्या घेतल्या, आणि घरी पोचेपर्यंत माझी गाडी सांगलीच्या एसटीसारखी झाली, टरफलं सीटखाली अजून सापडतायत. सासूबाईंचं पोट तिथे भरलं खरं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात उत्तम शाकाहारी हॉटेल ते पिंपच.

मी सुचवलं की पुढच्या वेळी डिकेटरच्या चाय पानी हॉटेलात जाऊ, ते काढणारे मेहेरवान इराणी नगरमध्ये वाढलेत, त्यांच्या ॲशव्हिलच्या मूळ हॉटेलाला २०२२ मध्ये जेम्स बियर्डचं देशातल्या उत्कृष्ट रेस्टॉरंटचं बक्षीस मिळालं, भेंडी तर अशी कुरकुरीत करतात की इथले गोरे लोक रांगा लावतात. सासरे म्हणाले, नगरच्या माणसाकडे भेंडी खायला मी अमेरिकेत आलो का?

त्यांच्या डोक्यात आता सवाना शहर बसलंय. शेजारच्या कुणी सांगितलं, तिथे मिसेस विल्क्स डायनिंग रूम आहे, १९४३ ची. बाहेर लांब रांग, आत मोठी टेबलं, दहा अनोळखी माणसं एकत्र बसवतात, मेनू नाही, ऑर्डर नाही, भाज्यांचे वाडगे टेबलावर येतात आणि एकमेकांकडे सरकवायचे. मी म्हणालो बाबा, जाऊ नका, तिथे तर प्रत्येक वाडग्याची चौकशी करायला पण कोणी मिळणार नाही, दहा माणसं थांबवून मी विचारत बसू का? सासरे म्हणाले पंगत आहे ती, बघायला काय हरकत आहे. सासूबाई गप्प. त्यांना मुळीच जायचं नव्हतं, साडेतीन-चार तास गाडीत बसून परत मॅकरोनी कोण खाणार.

मग मी सहज बोलून गेलो की तिथे अजून एक पद्धत आहे, जेवण झालं की प्रत्येकाने आपली ताटली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

सासूबाईंनी मान वर केली. सासऱ्यांकडे बघितलं, ते तेव्हा शेंगांची टरफलं टीपॉयवर तशीच सोडून उठत होते, जसे लग्न झाल्यापासून रोज उठतात.

"शुक्रवारी जाऊ या," सासूबाई म्हणाल्या. "मी घरून दशम्या घेते माझ्यापुरत्या. फोन चार्ज करून ठेवा, व्हिडिओ काढायचाय."